भडंग तिसऱ्या दिवशी सादळतंय: खरोखर कुजणारं पाकीट कसं मिळवायचं?

भडंगवाली_गावभाग

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं घरगुती भडंग आहे. सासूबाईंनी सुरू केलं, आता मी बघते. महिन्याला २०० ग्रॅमची नऊशे-हजार पाकिटं जातात. भट्टीवरून आणलेले चिरमुरे आम्ही कढईत मंद आचेवर पुन्हा कडक करून घेतो. मग लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट, हळद, शेवटी पिठीसाखर. गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते दोन गोष्टींसाठी, लसणाचा वास आणि कुरकुरीतपणा. त्यातली एक जरी गेली तरी पुढच्या वेळी ते दुसऱ्या दुकानात जातं.

प्रश्न पाकिटाचा आहे, पण तो कुठून सुरू झाला ते आधी सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. ओसरल्यावर गाळ काढत होतो, तेव्हा फावड्याला एक पाकीट लागलं. आमचंच. आतलं भडंग केव्हाच संपलेलं, पण बाहेरची छपाई जशीच्या तशी आणि शिक्का फेब्रुवारी २०१६ चा. कुणीतरी खाऊन टाकलं असेल, ओढ्यातून नदीत गेलं असेल आणि पुराबरोबर परत आमच्याच दारात आलं. सासूबाईंनी ते नळाखाली धुतलं आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. तेव्हापासून कुजणारं पाकीट शोधते आहे.

आत्तापर्यंत दोन प्रकार वापरून पाहिले.

पहिला एका पुरवठादाराकडून. पिशवीवर हिरवं पान आणि ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ असं छापलेलं. भाव नेहमीच्या पिशवीपेक्षा थोडाच जास्त. भडंग महिनाभर कडक राहिलं. मी खूश होऊन पाच महिने याच पिशवीत माल दिला.

दुसरा एका प्रदर्शनात मिळाला. ‘कंपोस्टेबल’ (खताच्या ढिगात कुजणारी) लिहिलेलं, खाली त्याचं मानक आयएस/आयएसओ १७०८८ आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. हाताला मऊ, थोडी दुधाळ पिशवी. भाव अडीचपट. जुलैत ५० पाकिटं भरली. तिसऱ्या दिवशी एक फोडलं तर चिरमुरे दाताखाली चिवट. पाचव्या दिवशी सगळी ५० घरी परत आणली.

मग पहिलीच पिशवी वापरत राहू का? की दुसरी सुधारता येते? जाड घेऊन भागेल का? कुणी खाण्याच्या कोरड्या मालासाठी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

दाणेवाला_कुपवाड

ताई, मी कुपवाड एमआयडीसीत २२ वर्षं ब्लोन फिल्मच्या, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून, फुग्यासारखा फुगवून पिशव्यांची फिल्म काढायच्या मशीनवर आहे. मोठं उत्तर नंतर, आधी एक काम करा. दोन्ही पिशव्यांचा नखाएवढा तुकडा कापा. छपाई नसलेल्या भागातला घ्या. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडे बोटाने चोळून बुडवा म्हणजे हवेचा बुडबुडा चिकटून राहणार नाही. मग सोडा आणि बघा कोणता वर येतो.

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता ०.९ च्या आसपास. कंपोस्टेबल दाण्यात मुख्यतः पीएलए, पीबीएटी (ही दोन कुजणारी प्लास्टिकं) नाहीतर स्टार्च असतो आणि त्या सगळ्यांची घनता १.२ च्या पुढे. ते बुडतं.

उलट मात्र धरू नका. बुडाली म्हणजे खरी, असं नाही. साध्या दाण्यात भरपूर खडूची पूड घातली तरी ती बुडते. पण तरंगली तर ती कंपोस्टेबल नाही हे नक्की समजा.

भडंगवाली_गावभाग

दादा, आत्ताच करून पाहिलं. दुसऱ्या पिशवीचा तुकडा तळाला जाऊन बसला. पहिल्याचा तरंगतोय. तीनदा बुडवला, तीनदा वर आला.

मी पाच महिने लोकांना सांगितलं की हे पाकीट कुजतं. शाळेतल्या बाईंना सांगितलं, मुलांच्या सहलीला दिलं. काय करू?

दाणेवाला_कुपवाड

तुम्ही फसवलं नाही, तुम्हाला फसवलंय. शिल्लक पिशव्यांवरचा तो मजकूर झाका आणि पुढे तसं सांगू नका.

तो माल बहुतेक ओक्सो असणार. म्हणजे साधाच पॉलिथिलीनचा दाणा, त्यात एक-दोन टक्के लोखंड, मँगनीज किंवा कोबाल्टच्या क्षाराचं मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायची तयार भर. उन्हात, उष्णतेत तो फिल्मला ठिसूळ करतो. पिशवीचा भुगा होतो आणि डोळ्याला दिसेनाशी होते, पण प्रत्येक कण प्लास्टिकचाच राहतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात हा प्रकार बंद करायचं ठरवलं आणि जुलै २०२१ पासून तो तिथे बाजारात आणायला बंदी आहे. आपल्याकडे कंपोस्टेबल माल बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पुरवठादाराकडे तो कागद मागा. हिरवं पान कोणीही छापतं.

पॉलिमर_मास्तर_कराड

मी कराडला पॉलिमर शिकवतो आणि पीएलएवर बरीच वर्षं काम केलंय. ताई, तुमच्या दुसऱ्या पिशवीत दोष नाही, हे आधी लक्षात घ्या. ती तिच्या स्वभावाप्रमाणेच वागली.

पॉलिथिलीनच्या लांब साखळीसारख्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन सोडून काही नाही. पाण्याच्या रेणूला धरायला तिथे जागाच नाही आणि जिवाणूंना दात लावायलाही नाही. म्हणूनच तुमचं भडंग कडक राहतं, आणि म्हणूनच तुमचं २०१६ चं पाकीट पुरात शाबूत सापडतं. पीएलए आणि पीबीएटी पॉलिएस्टर आहेत. त्यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध येतो आणि पाणी तो बंध तोडू शकतं. खताच्या ढिगात आपल्याला हेच हवं असतं. आधी पाणी साखळीचे लहान तुकडे करतं, मग ते तुकडे जिवाणू खातात. पण साखळीतल्या त्याच ऑक्सिजनच्या जागा बाहेरच्या दमट हवेतल्या वाफेलाही थारा देतात. जो दरवाजा नंतर उघडायला हवा, तो आधीपासून थोडा किलकिला असतो. तुमच्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

आता आकडे. ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता ही मोजण्याची नेहमीची कडक परिस्थिती. त्यात २५ मायक्रॉनच्या बीओपीपी (ताणून काढलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या) फिल्ममधून एका चौरस मीटरमागे दिवसाला पाच-सात ग्रॅम वाफ आत येते. तेवढ्याच पीएलएमधून शंभर ग्रॅमच्या वर. पीबीएटीमधून त्याहूनही जास्त. तुमची पिशवी समजा २० बाय २८ सेंटीमीटर. दोन्ही बाजू धरून ०.११२ चौरस मीटर. चौरस मीटरमागे दीडशे ग्रॅम धरले तर त्या कडक परिस्थितीत दिवसाला १७ ग्रॅम पाणी. जुलैत सांगलीच्या स्वयंपाकघरात एवढी उष्णता नसते, म्हणून त्याचा चौथा-पाचवा हिस्सा धरा, तीन-चार ग्रॅम. चिरमुरे तुम्ही कडक करता तेव्हा त्यात तीन टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं आणि सहा-सातच्या पुढे गेलं की ते चिवट लागतात. शेंगदाणे आणि तेल पाणी फारसं घेत नाहीत, त्यामुळे सगळं चिरमुऱ्यांवर येतं. तुमचा तिसरा दिवस या हिशेबात बरोबर बसतो.

जाडी वाढवून भागेल का? दुप्पट केली तर वाफ साधारण निम्मी होते. तीनाचे सहा दिवस होतील. तुम्हाला निदान तीन आठवडे हवेत. सातपट जाड पिशवी परवडणार नाही आणि तिला सीलही नीट होणार नाही.

मग सुधारणा कोणत्या दिशेने चालल्या आहेत ते सांगतो.

एक दिशा मातीची आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे पापुद्रे फक्त एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा, जाड असतात. ते दाण्यात नीट सुटे करून मिसळले तर फिल्ममध्ये आडवे पसरतात. वाफेला सरळ वाट मिळत नाही. वाईहून पाचगणीला सरळ रेषेत जायचं तर अंतर थोडंच, पण पसरणी घाटाने वळसे घेत जावं लागतं, तसं. टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये हे पहिल्यांदा जमवलं. पीएलएत याचा फायदा होतो. मात्र पापुद्रे एकमेकांना चिकटून राहिले तर घाट तयारच होत नाही, आणि साध्या मशीनवर ते सुटे करणं सोपं नाही. शिवाय चांगलं जमलं तरी वाफ निम्मी किंवा तिसरा हिस्सा होते. भडंगाला ते पुरत नाही. पावाच्या किंवा भाजीच्या पिशवीला पुरेल.

दुसरी दिशा थरांची, आणि तुमच्यासाठी तीच. हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. आपण ज्याला जिलेटीन कागद म्हणतो तो सेलोफेन १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडनबर्गरने शोधला. तो लाकडाच्या लगद्यापासून होतो आणि मातीत कुजतो. दिसायला सुंदर, पण पाण्याची वाफ त्यातून आरपार जायची, त्यामुळे ओल लागू नये असा खाऊ बांधायला निरुपयोगी. १९२७ मध्ये ड्यूपाँटच्या विल्यम हेल चार्चने त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अगदी पातळ थर दिला आणि तोच कागद ब्रेड-बिस्किटांसाठी जगभर गेला. फिल्म तीच राहिली, वाफ अडवण्याचं काम केसाहून कितीतरी पातळ थराने केलं. आज फुतामुरा ही जपानी कंपनी सेलोफेनचाच कंपोस्टेबल अवतार बनवते, त्यात धातूचा थर दिलेलीही एक जात आहे. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून फिल्मवर बसवतात. थर तीस-चाळीस नॅनोमीटरचा वगैरे. वजनात इतका नगण्य की कंपोस्टच्या चाचणीत अडत नाही, पण वाफ मात्र एकदम खाली येते. पीएलएवरही असा थर देता येतो. काचेसारखा सिलिकॉन ऑक्साइडचा थर हा आणखी एक पर्याय, पारदर्शक राहतो, पण महाग.

धातूच्या थराचा शत्रू म्हणजे घडी. पाकीट चुरगाळलं की थराला बारीक भेगा पडतात आणि तिथून वाफ शिरते. म्हणून धातूची बाजू आत घेऊन तिच्यावर पीबीएटी-पीएलएची मऊ फिल्म चिकटवतात. तीच आतून सीलही होते.

एक चांगली बातमी. शेंगदाणे खवट होतात ते पाण्याने नाही, हवेतल्या ऑक्सिजनने. आणि ऑक्सिजन अडवण्यात पीएलए पॉलिथिलीनपेक्षा बरंच सरस आहे. सेलोफेन कोरडं असेल तर उत्तमच. तुमच्या पहिल्या पिशवीत लसणाचा वास कमी होत होता का हो?

आणि एक सावधगिरी. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. भडंग पूर्ण गार करूनच भरा. मे महिन्यात बंद टेम्पोत पत्र्याखाली पाकिटं दुपारभर ठेवू नका.

भडंगवाली_गावभाग

सर, लसणाचा वास पहिल्या पिशवीतून बाहेर यायचा. पाकिटांची पेटी उघडली की खोलीभर वास. आम्हाला वाटायचं माल ताजा आहे म्हणून येतोय. तो पिशवीतून निघून जात होता हे आत्ता कळलं.

तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. जिलेटीन कागदाचं ऐकून म्हणाल्या, आमच्या लहानपणी पेपरमिंटच्या गोळ्या त्यातच यायच्या आणि आम्ही तो डोळ्याला लावून सगळं लाल बघायचो.

बेदाणा_तासगाव

आमचं उलटं दुखणं आहे. बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते टिकवायचं असतं. कंपोस्टेबल पिशवीत एप्रिल-मेमध्ये ठेवला तर तो वाळून खडा होतो, पावसाळ्यात चिकट होतो. मास्तर, एकाच फिल्मने दोन्ही ऋतू कसे सांभाळायचे? ताईंच्या धाग्यात घुसलो त्याबद्दल क्षमा, पण जिल्ह्यात बेदाणा आणि हळद एवढी निघते की हा प्रश्न आमच्या सगळ्यांचा आहे.

पॉलिमर_मास्तर_कराड

उत्तर तेच, धातूचा थर. वाफ आत येऊ न देणारी फिल्म बाहेरही जाऊ देत नाही. पण तुमच्याकडे शीतगृह आहे, खोकी आहेत. पाच किलोच्या खोक्यात आतलं अस्तर जाड घेतलं तर साध्या कंपोस्टेबल फिल्मवरही भागू शकतं, कारण मोठ्या पिशवीत मालाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो. लहान पाकिटात तो जास्त. ताईंना २०० ग्रॅममुळे जास्त त्रास होतोय. हळद पुडीची गोष्ट वेगळी, तिला उजेडही अडवावा लागतो.

परसबाग_सातारा

मी साताऱ्यात सदर बझारमध्ये राहते. आमच्या सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा खड्डा मी अकरा वर्षं सांभाळते. मला एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे, राग मानू नका.

कंपोस्टेबल लिहिलेला पारदर्शक पेला, पीएलएचा, मी २०२१ च्या दिवाळीनंतर खड्ड्यात पुरला. चौदा महिन्यांनी काढला. धुऊन पाणी प्यावं असा होता. मऊ कंपोस्टेबल कॅरीबॅग मात्र पाच-सहा महिन्यांत चिंध्या होऊन नाहीशी झाली. नंतर समजलं की आयएसओ १७०८८ ची चाचणी ५८ अंशांवर होते. बारा आठवड्यांत तुकडे व्हायला हवेत आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचं वायूत रूपांतर. ५८ अंश हे मोठ्या ढिगाचं तापमान आहे, कित्येक टनांच्या. आमच्या खड्ड्यात हात घालता येतो. पीएलए जिथे मऊ पडतं त्याच तापमानाला ते भराभर तुटतं, त्याखाली ते जवळजवळ बसून राहतं.

म्हणून ताई, पाकिटावर ‘बागेत पुरा, खत होईल’ असं लिहू नका. ज्या बाईने श्रद्धेने पुरलं तिला दोन वर्षांनी तेच खुरप्याला लागेल. तुम्हाला पुरात लागलं तसं.

आणि ते साध्या प्लास्टिकच्या भंगारात गेलं तर भंगारवाल्याचा दाणा बिघडतो.

पॉलिमर_मास्तर_कराड

परसबागताईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. घरच्या खड्ड्यात कुजेल असं पाकीट हवं असेल तर पीएलए टाळून सेलोफेन आणि पीएचए घ्यावं लागेल. पीएचए जिवाणू स्वतःच्या पेशीत साठवतात, आपण चरबी साठवतो तसं. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या मोरिस लमॉइनने ते जिवाणूंत ओळखलं. ते मातीत, साध्या तापमानाला, समुद्राच्या पाण्यातही कुजतं. त्यातला सगळ्यात साधा प्रकार, पीएचबी, ठिसूळ असतो, त्याची साखळी बदलून तो लवचीक करण्यावर सध्या सगळ्यात जास्त मेहनत चालू आहे. अडचण भावाची, पीएलएहूनही बराच जास्त.

यात आपल्या भागाला रस असायला हवा. पीएलए म्हणजे दह्यातलं आंबट, लॅक्टिक आम्ल, त्याच्या साखळ्या. ते साखर आंबवून करतात. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीत त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. कृष्णाकाठच्या उसाला साखर आणि इथेनॉलच्या पलीकडे ही एक वाट आहे, आणि दाणा जवळ तयार झाला तर तुमच्यासारख्यांना भाव उतरून मिळेल.

दाणेवाला_कुपवाड

मास्तरांनी शास्त्र सांगितलं, मी मशीनवरचं सांगतो. कारण पुस्तकातली फिल्म आणि हातात येणारी फिल्म यात फरक पडतो तो आमच्याकडे.

पीएलएचा दाणा वाळवल्याशिवाय हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या तोंडात, टाकायचा नसतो. त्यात पाणी २५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात अडीचशे भागांच्या खाली लागतं. ओला दाणा एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या भागाच्या, उष्णतेत गेला की तिथेच साखळ्या तुटतात. फिल्मचा फुगा डायवर (ज्या साच्यातून तो निघतो त्यावर) धरत नाही, आणि धरला तरी फिल्म चारच महिन्यांत कडेला फाटायला लागते. पॉलिथिलीनला असली सवय नाही, म्हणून बरेच जण ड्रायर न लावताच चालवतात. तुम्ही फिल्म घ्याल तेव्हा रोल कधीचा आहे ते विचारा, आणि लागेल तेवढीच घ्या. सहा महिन्यांचा साठा करू नका.

थर एकमेकांना चिकटवायचा, लॅमिनेशनचा गोंदही कंपोस्टेबल हवा, शाईही. प्रमाणपत्र पूर्ण पाकिटाचं पाहिजे. नुसत्या फिल्मचा कागद दाखवून वर नेहमीचा गोंद लावणारे आहेत. अन्नाला लागणाऱ्या थरासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे २०१८ चे पॅकेजिंग नियम आहेत. प्लास्टिकमधून मालात उतरणारा अंश किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. तुमचा माल तेलकट, म्हणून चाचणी तेलकट पदार्थाची मागा, आयएस ९८४५ प्रमाणे, तेलाच्या जागी एन-हेप्टेन हा द्राव लावून केलेली. पाण्यातल्या चाचणीचा कागद तुमच्या कामाचा नाही.

लहान धंद्याची खरी अडचण मी सांगतो. छापील रोल पाचशे किलोच्या खाली सहसा कुणी देत नाही, छपाईच्या सिलिंडरचा खर्च वेगळा. तुम्हाला वर्षभरात एवढा लागणार नाही. छपाई नसलेला कोरा रोल घ्या, धातूच्या थराचं सेलोफेन आत कंपोस्टेबल फिल्म लावलेलं. वर कागदाचं लेबल चिकटवा. माझ्या ओळखीत एकाकडे शिल्लक तुकडा रोल आहे, वीसेक पाकिटांपुरता मी आणून देतो. पैशाचं नंतर बघू.

सील करताना जॉचं (पिशवी दाबून चिकटवणाऱ्या तापलेल्या पट्ट्यांचं) तापमान तुमच्या नेहमीच्या पाकिटापेक्षा कमी ठेवा आणि पाचपाच अंशांनी वाढवत जा. जास्त झालं की आतला थर जॉला चिकटतो आणि कोपऱ्यात बारीक छिद्र राहतं. डोळ्याला दिसत नाही.

आणि चव घेऊन ठरवू नका, वजन करा. प्रत्येक पाकीट पहिल्या दिवशी तोला, त्यावर पेनने आकडा लिहा, रोज त्याच वेळेला तोला. वाढलेलं वजन म्हणजे आत गेलेलं पाणी. तुमचा किराणा काटा चालणार नाही, सोन्याचा लागेल.

भडंगवाली_गावभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण आठ दिवस पूर्ण होऊ द्यायचे होते.

पेठेतल्या आमच्या सराफांनी दुकान बंद झाल्यावर रोज रात्री त्यांचा काटा वापरू दिला. तीन प्रकारची पाच-पाच पाकिटं, एकाच घाण्यातलं भडंग, २०० ग्रॅम भरून. स्वयंपाकघरात खिडकीजवळ दोरीला लावली. पाऊस रोज होता.

नेहमीचं जुनं पाकीट आठ दिवसांत सरासरी पाऊण ग्रॅमने वाढलं. कंपोस्टेबल एकपदरी तिसऱ्या दिवशीच आठ ग्रॅम, आठव्या दिवशी चौदा. ते मी फोडून गाईला घातलं.

दादांनी आणून दिलेल्या धातूच्या थराच्या पाच पाकिटांपैकी चार आठव्या दिवशी दीड ते पावणेदोन ग्रॅमने वाढली. त्यातलं एक फोडलं. सासूबाईंनी मूठभर तोंडात टाकलं आणि काही न बोलता वाटी पुढे केली, आणखी दे म्हणून. वासही आतच राहिला होता, पाकीट फोडलं तेव्हाच आला.

पाचवं मात्र साडेचार ग्रॅमने वाढलं. दिव्यासमोर धरलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात उजेडाचा एक ठिपका दिसतो. सील तिथेच सुटलंय.

हिशेब असा आहे. जुनं पाकीट दोन रुपये दहा पैशांना पडतं. हे कोरा रोल आणि लेबल धरून पाच रुपये ऐंशी पैशांना. पाकीट सत्तरला विकतो, ते चौऱ्याहत्तर करावं लागेल. आधी शंभर पाकिटं तीन दुकानांत ठेवणार. तारीख ४५ दिवसांची टाकत होते, ती २१ दिवसांची टाकणार. गावभागातल्या रोजच्या गिऱ्हाइकांना डबा आणला तर चार रुपये कमी. परसबागताई, तुमचं ऐकून लेबलवर ‘मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातच कुजते, रिकामं पाकीट दुकानात परत द्या’ असं लिहिलंय. परत आलेली पाकिटं साठवून ठेवते. ती कुठे पाठवायची ते अजून ठरलेलं नाही. जिल्ह्यात किंवा साताऱ्याकडे कुणाचा एवढा मोठा, तापणारा ढीग असेल तर मला जरूर सांगा, मी पोती घेऊन येईन.

ज्या शाळेतल्या बाईंना पहिली पिशवी कुजते म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याकडे काल जाऊन आले. वाटी, साबणाचं पाणी आणि दोन तुकडे घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर बुडवून दाखवले. त्यांनी सातवीच्या वर्गात येऊन हेच करायला सांगितलंय.

दादा, त्या कोपऱ्याचं काय करू? १०५ अंशांवर सील केलं होतं.

दाणेवाला_कुपवाड

कोपऱ्यात चार पदर एकत्र येतात, तिथे उष्णता कमी पोचते. तापमान वाढवू नका, जॉ दाबून धरायचा वेळ अर्धा सेकंद वाढवा. टेफ्लॉनची पट्टी जुनी झाली असेल तर बदला. आणि भरताना चिरमुऱ्याचा भुगा किंवा मसाला सीलच्या जागी लागत नाही ना, ते बघा, तिखटाचा एक कण पुरतो. रविवारी दुपारी मोकळा आहे, मशीन बघायला येतो.